मिठापासून सुरुवात: हायस्कूलच्या मुलांना सगळ्या विषयांत वाचतं कसं करावं

सातवीपर्यंत बऱ्यापैकी वाचणारं मूल आठवीत आलं की पुस्तक टाळू लागतं, हा अनुभव बहुतेक शाळांत येतो. मोबाईलला दोष देऊन विषय तिथेच संपतो, पण एक कारण पाठ्यपुस्तकाच्या पानावरच आहे. आठवीपासून विज्ञान-भूगोलाच्या एकेका परिच्छेदात चार-पाच नवे पारिभाषिक शब्द येतात. वाक्य लांबतं आणि क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर कर्ता विसरतो. मूल दोनदा अडखळतं आणि गाईड उघडतं, कारण लिहायचं उत्तर तिथे तयार असतं. वाचल्यावाचून काम भागतं हे एकदा कळलं की मूल कशाला वाचेल?

म्हणून ही जबाबदारी एकट्या मराठीच्या शिक्षकांवर टाकून भागत नाही. भूगोलाचा उतारा कसा वाचायचा हे भूगोलाच्याच बाई दाखवू शकतात. आधी नकाशा बघायचा की मजकूर, कुठला आकडा लक्षात ठेवायचा, कुठला सोडायचा, हे त्या विषयात मुरलेल्या माणसालाच माहीत असतं. खाली दिलेली पद्धत आठवी ते दहावीच्या मराठी माध्यमाच्या वर्गांसाठी आहे. पन्नास-साठ पटाच्या वर्गातही ती चालते.

आधी मुलं कुठे अडतात ते पाहा

जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक विषयशिक्षकाने हे एकदा करावं. वेळ लागतो १५ मिनिटं. अजून न शिकवलेल्या धड्यातला साधारण १५० शब्दांचा परिच्छेद निवडा. मुलांनी तो मूक वाचावा आणि अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलने बारीक रेघ ओढावी. तीन मिनिटांनी पुस्तक मिटून शेजारच्याला दोन वाक्यांत सांगावं, की यात काय होतं. तुम्ही फिरत फिरत रेघा मोजा आणि कान उघडे ठेवा.

पाचपर्यंत रेघा असतील आणि सांगणं जमत असेल, तर ते मूल स्वतः वाचू शकतं. सहा ते बारा रेघा असतील तर वाचनाआधी शब्द फोडून द्यावे लागतील. त्याहून जास्त असतील तर सुरुवात ऐकण्यापासून करावी लागेल. एकही रेघ नाही पण सांगताही येत नाही, अशा मुलांकडे खास लक्ष द्या. ती अक्षरं सफाईने वाचतात, अर्थाशी मात्र त्यांची गाठ पडलेली नसते. प्रकट वाचनात ही मुलं हुशार वाटतात आणि नेमकी तीच नजरेतून सुटतात.

त्याच दिवशी एक चिठ्ठी, नाव न घालता. शाळेसाठी नसलेलं शेवटचं काय वाचलं? कशाबद्दल वाचायला आवडेल? घरी शांत वेळ केव्हा मिळतो? क्रिकेटचा धावफलक, रेसिपी, खताच्या पिशवीवरची माहिती, सिनेमाच्या बातम्या हे सगळं वाचनात धरायचं, असं आधीच सांगा. नाहीतर मुलं कुठल्यातरी चरित्राचं नाव लिहून मोकळी होतात आणि तुमच्या हाती काहीच लागत नाही.

वेळ वेगळा मागू नका, तासिकेतून काढा

वेळापत्रकात वाचनाची स्वतंत्र तासिका मागितली तर ती मिळत नाही. मिळाली तरी रजेवरच्या शिक्षकांच्या जागी ती आधी जाते. त्यापेक्षा मराठी, इतिहास, भूगोल, विज्ञान आणि गणित या पाच विषयांच्या शिक्षकांनी आपापल्या तासिकेतली आठवड्यातून एकदा १० मिनिटं द्यावीत. वार ठरलेला हवा. सोमवार विज्ञान, मंगळवार इतिहास, असं वर्गाच्या भिंतीवर लिहून टाका.

हिशेब करून पाहा. आठवड्याला ५० मिनिटं आणि वर्षाचे तीस आठवडे धरले तर १,५०० मिनिटं होतात, म्हणजे २५ तास. मिनिटाला शंभर शब्द इतक्या संथ वेगानेही दीड लाख शब्द वाचून होतात. एकाही धड्याला धक्का लागत नाही.

ही १० मिनिटं तासिकेच्या सुरुवातीची हवीत. शेवटी ठेवली तर धडा लांबतो आणि वाचन उडतं. या वेळात शिक्षकांनीही हातात पुस्तक घेऊन वाचायचं. वह्या तपासायच्या नाहीत, हजेरीपटही भरायचा नाही. शिक्षक स्वतः काय करतात ते मुलं बघत असतात, आणि वाचन हे मुलांना गप्प बसवायचं साधन आहे की खरं काम, हे त्यावरूनच ठरवतात.

पहिले तीन आठवडे मुलांच्या हाती पुस्तक देण्याआधी तुम्ही वाचून दाखवा. चारशे-पाचशे शब्दांचा मजकूर नीट विराम घेत चार-पाच मिनिटांत वाचून होतो. उत्सुकता ताणलेल्या जागी थांबा आणि ते पुस्तक टेबलावर उघडंच राहू द्या. मधल्या सुट्टीत कोण येऊन पान उलटतं ते बघा. तुमचे पहिले वाचक तिथे सापडतील.

पेटी

कुलूपबंद कपाटातली हजार पुस्तकं वाचली जात नाहीत, वर्गात उघड्या पेटीत ठेवलेली ऐंशी वाचली जातात. साठ मुलांच्या वर्गाला ऐंशी पुस्तकं किंवा अंक लागतात, कारण शेवटच्या मुलालाही निवडायला वीसेक उरले पाहिजेत. त्यातले निम्मे तरी २४ ते ६४ पानांचे असावेत. आठवीच्या मुलाला पहिलंच पुस्तक तीनशे पानांचं चरित्र दिलं तर ते पंधराव्या पानावर अडकतं आणि ‘मला वाचन जमत नाही’ असं स्वतःबद्दल ठरवून टाकतं. पातळ पुस्तक पुरं झाल्याचं समाधान चार दिवसांत मिळतं. पुढच्या पुस्तकाकडे हात जातो तो त्या समाधानामुळे.

विषयांची वाटणी साधारण अशी ठेवा: गोष्टी आणि विज्ञानकथा २५, विज्ञान आणि निसर्ग १५, इतिहास आणि प्रवास १५, खेळ-कला-स्वयंपाक-शेती १०, कोडी आणि गणित ५, आणि बाकी १० मासिकांचे जुने अंक. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवले आहेत. मराठी विज्ञान परिषदेची मासिक पत्रिका, रविवारच्या पुरवण्यांची कात्रणं, घरोघरी पडून असलेले दिवाळी अंक हेही पेटीत चालतात. दिवाळी अंक मुलांच्या हाती देण्याआधी मात्र चाळून घ्या. मराठी विश्वकोशातल्या नोंदी ऑनलाइन वाचता येतात. त्यांची भाषा आठवीला जड जाते, पण नववी-दहावीच्या मुलांना एखादी नोंद छापून दिली आणि पहिला परिच्छेद एकत्र वाचला तर पुढचं जमतं. गावात शासनमान्य सार्वजनिक वाचनालय असेल तर मुख्याध्यापकांचं पत्र नेऊन ग्रंथपालांना भेटा आणि महिन्याला वीस पुस्तकं बदलून मिळतील का ते विचारा.

देवघेव मुलांकडे सोपवा. दर महिन्याला दोन वेगळी मुलं, एक वही आणि तीन रकाने: नाव, पुस्तक, तारीख. वर्षाकाठी ऐंशीतली पाच-सहा पुस्तकं हरवतील किंवा फाटतील. ते गृहीत धरा आणि मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेवा. दंडाची भीती घातली की सर्वांत गरजू मूल पुस्तक घरी नेत नाही.

एक वस्तू, पाच विषय

सगळ्या विषयांत वाचन रुजवायचा आम्हाला सर्वांत परिणामकारक वाटणारा मार्ग म्हणजे पंधरवड्याला एक ओळखीची वस्तू घ्यायची आणि प्रत्येक विषयाच्या १० मिनिटांत तिच्याबद्दलचा एक छोटा मजकूर वाचायचा. सुरुवातीला मीठ घ्या. ते प्रत्येकाच्या घरात आहे आणि जवळपास प्रत्येक पुस्तकात त्याचा धागा सापडतो.

इतिहासाच्या तासाला दांडीयात्रा. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी ७८ सहकाऱ्यांसह साबरमतीहून निघाले आणि ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर त्यांनी मिठाचा कायदा मोडला. पाठ्यपुस्तकातला परिच्छेद वाचण्याआधी एकच प्रश्न फळ्यावर लिहा: एवढ्या मोठ्या साम्राज्याविरुद्ध लढायला मीठच का निवडलं? उत्तर सांगू नका. मुलांना ते मजकुरात शोधू द्या. कर गरिबालाही चुकत नव्हता, हा मुद्दा त्यांचा त्यांना सापडला की मग शिरोडा, वडाळा आणि धारासना इथल्या सत्याग्रहांवरचा मजकूर द्या. शिरोडा सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. कोकणातल्या शाळांनी तिथल्या जाणत्या माणसांकडून ऐकलेलंही जोडून घ्यावं.

भूगोलात नकाशा आधी, मजकूर नंतर. उरण, भाईंदर, वडाळा, शिरोडा ही मिठागरांची गावं नकाशावर शोधायला लावा आणि विचारा, सगळी समुद्रालगत सपाट जागीच का? पावसाळ्यात मिठागरं बंद का? मग क्षारतेचा परिच्छेद वाचा. सागरजलाची सरासरी क्षारता ३५‰ असते. ते चिन्ह टक्क्याचं नाही, हजारी प्रमाणाचं आहे. इथे बहुतेक मुलं चुकतात, कारण दुसऱ्या शून्याकडे लक्षच जात नाही. एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार, असं मोठ्याने वाचून घ्या.

विज्ञानात आम्ल आणि आम्लारी यांच्या उदासिनीकरणातून क्षार कसा तयार होतो ते वाचायचं. ‘क्षार’ या शब्दापाशी थांबायलाच हवं. घरात पाण्याला ‘क्षार आहे’ म्हणतात, रसायनशास्त्रात मात्र क्षार हा पदार्थांचा एक गट आहे आणि स्वयंपाकाचं मीठ त्यातला एक. समुद्राच्या पाण्यातल्या क्षारांपैकी तीन चतुर्थांशाहून थोडं अधिक सोडियम क्लोराइड असतं, बाकी मॅग्नेशियम वगैरेंचे क्षार. आयोडीनयुक्त मीठ आणि गलगंड यांचा संबंध सांगणारा अर्ध्या पानाचा मजकूर जोडला तर आरोग्यही आलं.

गणितात मुलांना वेफर्सच्या रिकाम्या पुड्या आणायला सांगा. हे वाचन मुलं सर्वांत जास्त रस घेऊन करतात. पुडीच्या मागच्या पोषण-तक्त्यात सोडियम मिलिग्रॅममध्ये दिलेलं असतं, मिठाचा आकडा काढावा लागतो. सोडियमचं अणुवस्तुमान २३, क्लोरीनचं ३५.५, दोन्ही मिळून ५८.५. त्याला २३ने भागलं की साधारण २.५ येतात, म्हणून सोडियमच्या अडीच पट मीठ. समजा, १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय. मीठ झालं २ ग्रॅम, आणि ५० ग्रॅमच्या पुडीत १ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, म्हणजे एक पुडी त्याचा पाचवा हिस्सा खाते. तक्ता ‘दर १०० ग्रॅमला’ आहे की ‘एका वेळच्या खाण्याला’, हे आधी वाचायला लावा. ते न वाचता गणित केलं की उत्तर दुप्पट-तिप्पट चुकतं. नीट वाचल्याशिवाय गणित सुटत नाही, हे मुलांना इथे सांगावं लागत नाही.

मराठीच्या तासाला ‘खाल्ल्या मिठाला जागणं’ आणि ‘मिठाचा खडा पडणं’. एका वाक्प्रचारात मीठ इमानाचं, दुसऱ्यात तेच दूध नासवणारं. दोन्ही वापरून मुलांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावं, मिठावरून आणखी काय म्हणतात, आणि ऐकलेलं दुसऱ्या दिवशी वाचून दाखवावं.

मिठानंतर कापूस, ऊस, पाऊस, भूकंप, रुपया, रस्ता. विदर्भात कापूस आधी घ्या, कोल्हापूर-सांगलीकडे ऊस. लातूर-धाराशिवच्या शाळांत ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपाबद्दल आजी-आजोबांकडून ऐकून लिहिलेलं एक पान आणि भूगोलातला भूकंपाचा धडा शेजारी ठेवून वाचता येतो. दगड-मातीच्या जड छपराची घरं पहाटे झोपेत असलेल्या माणसांवर कोसळली, हे कळल्यावर ‘आपत्ती व्यवस्थापन’ हा धडा मुलं वेगळ्या नजरेने वाचतात. ज्या घरात माणसं गेली आहेत तिथल्या मुलावर मात्र हे काम लादू नका.

नियोजनाला पंधरवड्यातून एकदा २० मिनिटं पुरतात. पाचही शिक्षकांनी बसून कुठला धडा चालू आहे ते सांगायचं, वस्तू ठरवायची आणि प्रत्येकाने ३०० ते ५०० शब्दांचा एक मजकूर शोधायचा. एखाद्या विषयात धागा ओढूनताणून आणावा लागत असेल तर त्या पंधरवड्यात तो विषय सोडून द्या.

शब्द फोडून द्या

वाचनाआधी जास्तीत जास्त पाच शब्द. दहा दिले तर तो शब्दार्थांचा तास होतो. अर्थ लिहून देण्यापेक्षा शब्द फोडला तर तो पुढच्या धड्यातही उपयोगी पडतो. ‘वर्तन’मध्ये वळणं आहे. परावर्तन म्हणजे माघारी वळणं, अपवर्तन म्हणजे सरळ वाट सोडून वळणं, परिवर्तन म्हणजे पालटणं. परिवलन आणि परिभ्रमण यांत मुलं दरवर्षी गोंधळतात. ‘भ्रमण’ म्हणजे हिंडणं, मग सूर्याभोवती हिंडते ती पृथ्वी परिभ्रमण करते, हे एकदा उलगडलं की पाठ करायला लागत नाही.

याहून फसवे असतात ओळखीचे शब्द. घात, मूळ, पद, चल, कार्य, शक्ती, घटना. घरात ‘घात’ म्हणजे दगाफटका, गणितात घातांकाचा. भिंत ढकलून माणूस दमला तरी भिंत हलली नाही, तर भौतिकशास्त्रात कार्य शून्य. ‘घटना’ म्हणजे प्रसंग आणि ‘घटना’ म्हणजे संविधानही. मुलाला हा शब्द माहीत असल्यासारखा वाटतो, म्हणून ते रेघही ओढत नाही आणि वाक्याचा अर्थ मात्र लागत नाही. वर्गात एक मोठा कागद लावून अशा शब्दांची यादी वाढवत न्या. एका बाजूला घरातला अर्थ, दुसऱ्या बाजूला विषयातला.

गणितातलं शाब्दिक उदाहरण तीनदा वाचायचं. पहिल्यांदा आकडे बोटाने झाकून: कोण आहे, काय चाललंय? दुसऱ्यांदा: काय विचारलंय? तिसऱ्यांदा आकड्यांसह, पेन हातात घेऊन. मुलं आकडा दिसला की लगेच गुणाकार करायला धावतात, ते पहिल्या वाचनात थांबतं.

वाचल्यावर लिहायला लावू नका

इथे बहुतेक उपक्रम मोडतात. पुस्तक वाचलं की सारांश लिहा, बोध लिहा, लेखकाचा परिचय लिहा. दोन आठवड्यांत मुलं मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून आणतात आणि तिसऱ्या आठवड्यात सर्वांत पातळ पुस्तकासाठी भांडतात. वहीत तारीख, काय वाचलं आणि कुठल्या पानापर्यंत, एवढंच पुरे.

लिहिण्याऐवजी बोलू द्या. शनिवारी शेवटची १५ मिनिटं, चार मुलं, प्रत्येकी दोन मिनिटं: काय वाचलं, कुठे थांबलो, कुणाला आवडेल. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाबद्दलही बोलायची मुभा हवी. ‘वीस पानं वाचली, कंटाळा आला, कारण…’ असं सांगणारा मुलगा खरा वाचक होत असतो. मुलांवर सर्वांत जास्त परिणाम बाकावरच्या मित्राच्या शिफारशीचा होतो. बक्षीस पुस्तकांच्या संख्येवर कधीही देऊ नका, पानं नुसती उलटली जातात. द्यायचंच असेल तर पुढच्या महिन्याच्या पेटीतली दहा पुस्तकं निवडायचा मान द्या.

आळीपाळीने उभं राहून प्रकट वाचन करण्याची जुनी रीतही आकलनासाठी सोडून द्यावी. हुशार मुलं कंटाळतात, अडखळणारी आपल्या वाट्याला कुठला परिच्छेद येणार ते मोजत घाबरून बसतात, आणि धड्याकडे कुणाचंच लक्ष राहत नाही. प्रकट वाचन हवं असेल तर आदल्या दिवशी परिच्छेद नेमून द्या आणि तयारी करून येऊ द्या.

१५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती. तोवर तुमचे तीन-चार महिने झालेले असतील. त्या दिवशी भाषणांऐवजी मुलांनी आपली आवडती पानं खालच्या वर्गांत जाऊन वाचून दाखवावीत. नववीतला मुलगा सहावीपुढे वाचतो तेव्हा आधी चार वेळा सराव करतो.

अडखळत वाचणारी मुलं

नववीत जोडाक्षरावर अडणारी मुलं प्रत्येक शाळेत आहेत. त्यांना पहिलीची पुस्तकं दिली तर ती लाजून पुस्तकच बंद करतात. विषय त्यांच्या वयाचा हवा, मजकूर थोडा हवा: क्रिकेटपटूंची माहिती, मोटारसायकलच्या भागांचा तक्ता, फोटोखालच्या ओळी. आठवड्यातून तीनदा १० मिनिटं जोडीवाचन ठेवा. १५० शब्दांचा मजकूर घ्या. पहिल्यांदा जोडीदार वाचेल आणि हा बोट ठेवून ऐकेल, दुसऱ्यांदा दोघं एकत्र, तिसऱ्यांदा हा एकटा. मजकूर तोच ठेवायचा. तिसऱ्या वाचनात वेग वाढलेला त्याचा त्यालाच कळतो. जोडीदार शिक्षकांनी ठरवावा, चिडवणारा नसावा. सहा आठवडे नेटाने केल्यावरही अक्षरं उलटसुलट दिसत असतील किंवा ओळ सुटत असेल, तर आधी डोळे तपासून घ्या, मग अध्ययन अक्षमतेची चाचणी.

घरी अहिराणी, गोरमाटी, कोरकू, पावरी किंवा हिंदी बोलणाऱ्या मुलांसाठी पुस्तकी मराठी ही दुसरी भाषा असते. वाचलेलं त्यांना आधी घरच्या भाषेत सांगू द्या. तिथे अर्थ पक्का झाला की मराठीत सांगणं सोपं जातं.

पालकसभेत ‘मुलांना वाचायला बसवा’ एवढंच सांगून उपयोग होत नाही. एक नेमकं काम द्या: रात्री जेवणानंतर मुलाने घरातल्या कुणालाही १० मिनिटं वाचून दाखवावं. ऐकणाऱ्याला वाचता येत नसलं तरी चालतं. तेवढा वेळ टीव्ही बंद.

दहावीच्या वर्गाची पेटी बहुतेक ठिकाणी दिवाळीनंतर उचलतात. ती राहू द्या. १० मिनिटांची ५ करा आणि मजकूर अपठित उताऱ्याएवढा ठेवा. मराठीच्या कृतिपत्रिकेत अपठित गद्य आहेच, इतिहासातही उतारा वाचून उत्तरं लिहायची असतात. जानेवारीपासून शिक्षकांनी मजकूर आणायचं थांबवून दर आठवड्याला एका विद्यार्थ्याला तो निवडू द्यावा. निवडण्यासाठी त्याला चार मजकूर वाचावे लागतात.